फोटोतलं मागचं फडकं

आमच्या विद्यापीठातलं कुठलंही भाषण एकाच वाक्यानं सुरू होतं. "जिथं साधं कुसळ उगवत नव्हतं, अशा ओसाड माळावर हे ज्ञानमंदिर उभं राहिलं..." मग टाळ्या. हे वाक्य मी विद्यार्थिनी असताना ऐकलं, शिकवायला लागल्यापासून दर वर्धापनदिनाला ऐकते आहे, आणि दर वेळी माझ्या डोक्यात तीच तिडीक उठते. माझी माय त्या माळावर खडी फोडत होती. ती सांगते की तिथं चिंचा होत्या, बोरी होत्या, नाल्याच्या काठानं आंबे होते, आणि दुपारी भाकरी सोडायला बसावं अशी सावली होती. ज्यांनी तिथलं ऊन कधी अंगावर घेतलं नाही ते आता माइकवरून सांगतात की सावली नव्हती.

मी इतिहास शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवला तास तेवढाच आपला. सुट्टी लागली की आपण विद्यापीठाचे कुणीच नाही. केस पिकायला लागले तरी मी अजून तशीच आहे. पण ज्या वर्षी परिसराच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ काढायचं ठरलं, त्या वर्षी मी अचानक सगळ्यांची झाले. विभागातल्या कायम नोकरीवाल्यांना बैठका होत्या, दौरे होते. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडमना वेळ असतो. जुने कागद त्या बघतील." अध्यक्ष आमच्याच विभागातून निवृत्त झालेले, मलाही त्यांनीच शिकवलेलं. "साधनांशी इमान राखा" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वर्गात ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. त्यामुळं मला बरंच वाटलं. मी हो म्हटलं. मूर्ख कुठली!

रेकॉर्ड रूम प्रशासकीय इमारतीच्या तळघरात. वरच्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी भिंतीतून झिरपायचं, आणि त्याच भिंतीला लागून कागदांचे गठ्ठे, लाल कापडात बांधलेले. भिंत ओली आहे म्हणून कुणी गठ्ठे हलवले नव्हते, आणि गठ्ठे आहेत म्हणून कुणी भिंत दुरुस्त केली नव्हती. तिथले अधीक्षक सोयगावकडचे, आमच्याच तालुक्याचे. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि लगेच हात पुढं केला. "मॅडम, मोबाईल इथं टेबलावर. फोटो काढायचा नाय. नियम लई कडक हायेत."

"पाणी गळतंय त्याला नियम नाही का?" मी विचारलं.

"त्यो बांधकाम विभागाचा प्रश्न हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

तिथं बसून मी महिनेच्या महिने काढले. दगड कुठल्या खाणीतून आणायचा याची पत्रं, पाण्याचे टँकर, दारं-खिडक्यांची अंदाजपत्रकं. काही कागद निजामाच्या अमदानीतले, उर्दूत. विभागात इतिहासाची एवढी माणसं, पण उर्दू कागद समोर आला की सगळे चष्मा पुसायला लागतात. मी ह्या कामासाठी अक्षरं शिकले, शेजारच्या एका मुसलमान मावशींकडून, आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्यांच्या नातवाच्या पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून वाचायचे आणि त्या हसायच्या. मग एक दिवस मला जमिनीच्या त्या जुन्या कागदातले शब्द लागायला लागले. कुणाच्या शेतात विहीर, कुणाच्या बांधावर चिंच, कुणाचा आंबा. ओसाड माळ! माळावरचं झाड न झाड कागदावर होतं.

मी ते मोठ्या उत्साहानं बैठकीत मांडलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, छान शोधलंत. पण ओसाड माळ ही आपली ओळख आहे. ती कशाला मोडता?"

"पण सर, खोटं आहे ते."

"खोटं नाही हो. भावार्थ आहे तो."

ते प्रकरण तिथंच गुंडाळलं गेलं. पुढच्या बैठकीचा विषय होता, शहराचं नाव ग्रंथात काय लिहायचं. नवं लिहायचं, याबद्दल वाद नव्हता. वाद माझ्यामुळं झाला, कारण मी विचारलं की जुन्या पत्रातला मजकूर अवतरण चिन्हांत देताना तरी पत्रात होतं ते नाव ठेवायचं ना? अध्यक्ष म्हणाले की एकसारखेपणा हवा. म्हणजे साठ वर्षांपूर्वी माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पत्रातही आम्ही आजचं नाव घालणार, आणि वर अवतरण चिन्हं देऊन तो असंच म्हणाला होता असं सांगणार. नवं नाव कुणाला आवडतं, कुणाला नाही, त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालू नयेत, एवढंच माझं म्हणणं. पण चहा आला, आणि ठराव मंजूर झाला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते आहे की पुढचं जे झालं ते अपघातानं झालं असं कुणाला वाटू नये. ती तिथली रीतच होती.

फोटो एका तपकिरी पाकिटात होते. पोस्टकार्डाएवढे, काळे-पांढरे, कडा वळलेल्या. एक होता पहिल्या इमारतीच्या पायाभरणीचा. कोट-टोपीतली मंडळी, मधल्या पाहुण्यांच्या हातात नवी कोरी थापी, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडं. पाठीमागं टंकलिखित चिठ्ठी चिकटवलेली: डावीकडून अमुक, तमुक, आणि शेवटी 'व इतर'. नावं अर्धी पुसट झाली होती म्हणून मी भिंग घेऊन चेहरे जुळवायला बसले. ते करताना नजर मंडपाच्या मागं गेली. दोरीच्या पलीकडं बायका बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांच्या मागं एक मोठी चिंच, आणि चिंचेच्या आडव्या फांदीला एक झोळी. लुगड्याची. फोटोत ती माझ्या नखाएवढी होती. भिंगातून बघितली तर नुसतं फिकट कापड, खालच्या बाजूला ओझ्यानं फुगलेलं. याच्यापलीकडं काही दिसत नव्हतं.

मला गंमत वाटली. संध्याकाळी घरी आले. आम्ही बजाजनगरला राहतो. बाप कंपनीत लागला तेव्हापासून. बाप गेला, माय माझ्याजवळ. ती खाली बसून मेथी निवडत होती. मी पाणी पिता पिता सहज सांगितलं की आज पायाभरणीचा फोटो सापडला, मागं तुमच्यासारख्या बायका दिसतात, आणि चिंचेला झोळी पण आहे.

मायचा हात थांबला.

"कोणची चिंच? नाल्याकडची का मुकादमाच्या पालापाशी होती ती?"

"ते काय कळत नाही. मंडपाच्या मागं."

"आडव्या फांदीला?"

"हो."

मेथीच्या काड्या पदरातून झटकून ती म्हणाली, "तुही थोरली बहीण हाय ती."

मला थोरली बहीण होती हे मला माहीत होतं, पण जुन्या दुष्काळाची गोष्ट माहीत असते तेवढंच. आम्हा भावंडांच्या आधीची, पावलं टाकायच्या आधी तापानं गेलेली. तान्ह्या लेकराला पुरतात, तसं तिलाही नाल्याच्या पलीकडं पुरलं. आज तिथं क्वार्टर आहेत. तिचा फोटो नाही, कुठंच नोंद नाही. माय तिचं नाव घेत नाही, म्हणून आम्हीही कधी घेतलं नव्हतं.

त्या दिवशी मायनं सगळं सांगितलं. पायाभरणीच्या आधी मुकादम आला आणि म्हणाला की बायांनी दोरीच्या मागं गप बसायचं, खोकायचंसुद्धा नाही, आणि ते लक्तर काढ झाडावरून, साहेब लोक येणार आहेत. माय तेव्हा जेमतेम अठराची असेल. म्हणाली, "लेकरू निजलंय. काढलं तर उठंल, अन् उठलं तर तुमच्या साहेबाच्या भाषणात भोकाड पसरंल. मंग मला सांगू नका." मुकादम शिव्या घालून गेला. झोळी राहिली.

"म्या नाय काढू दिली," माय म्हणाली. एवढ्या वर्षांनीसुद्धा तिच्या आवाजात त्याचा ताठा होता. "खडी फोडताना झोळीची दोरी म्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. हातात हातोडा, पायानं झोका. भाषणात बी तसाच झोका देत होते, बसल्या बसल्या. कुणाला कळलं नाय."

मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला एकडाव दाव तो फोटो."

माझ्या मायनं माझ्याकडं आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी आणली तर म्हणायची कशाला आणली. डॉक्टरकडं न्यायचं तर ओढून न्यावं लागतं. आणि मागितलं तर हे, तळघरात माझ्या टेबलावर पडलेलं.

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकांना सगळं सांगितलं. आईला घेऊन येते, पाच मिनिटं बघेल, हातही लावणार नाही. ते विरघळले, पण जागचे हलले नाहीत. "मॅडम, तुमचं खरं हाय. पण बाहेरच्या माणसाला आत घ्यायची सोय नाय. माझ्या नोकरीवर बेतंल."

"बाहेरची? ही इमारत तिनं फोडलेल्या खडीवर उभी आहे."

"तसं बघितलं तर सगळ्याच इमारती कुणी ना कुणी बांधलेल्याच असत्यात," ते म्हणाले. उद्धटपणे नाही, अगदी खरं वाटून. "तुम्ही फोटोच्या प्रतीसाठी अर्ज करा ना."

अर्जात एक रकाना होता: प्रयोजन. मी लिहिलं, संशोधन. वरून उत्तर आलं की संशोधनासाठीची प्रत संशोधनाबाहेर वापरता येणार नाही. मग दुसरा अर्ज केला, लिहिलं, आईला तिच्या मुलीचा फोटो बघायचा आहे. त्यावर शेरा आला की छायाचित्रात सदर मुलगी असल्याचा पुरावा जोडावा. पुरावा! मी त्या शेऱ्याकडं बघत राहिले. जन्माची नोंद नाही, मरणाची नाही, शाळेत घालायच्या वयाचीही ती झाली नाही. तिच्या असण्याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो बघण्यासाठी माझ्याकडं ती असल्याचा पुरावा मागत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नियम गेले खड्ड्यात म्हणून शेवटी एक दिवस मी मोबाईल ओढणीत लपवून खाली गेले. पाकीट नव्हतं. अध्यक्षांनी सगळे फोटो ग्रंथासाठी मागवून घेतले होते.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसवलं, त्यांच्या पत्नीनं पोहे दिले. म्हणाले, फोटो डिझायनरकडं गेले, स्कॅन होऊन येतील, काळजी करू नका. मग मीच तोडगा काढला, आणि वाटलं की मी फार हुशारी केली. म्हटलं, सर, पायाभरणीचा फोटो पूर्ण पान द्या. ऐतिहासिक क्षण आहे. ते खूश झाले. म्हणाले, अगदी माझ्या मनातलं बोललात, फोटोखालच्या ओळी तुम्हीच लिहा. मी घरी येऊन ओळी लिहिल्या. पाहुण्यांची नावं डावीकडून, सगळ्यांची. आणि 'व इतर' काढून तिथं लिहिलं: मागे बांधकामावरच्या स्त्री मजूर, चिंचेच्या फांदीला त्यांच्यापैकी एकीच्या तान्ह्या मुलीची झोळी.

मायला मी सांगितलं की आता फोटो पुस्तकातच येणार, मोठा, पानभर. पोस्टकार्डापेक्षा चांगला दिसेल. ती म्हणाली, "बरं." पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारायची, "आलं का पुस्तक?" शेजारच्या बायकांना तिनं सांगून ठेवलं होतं. खालांनाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती दोन वर्षं टाळत होती, ते तिनं त्या काळात स्वतःहून करून घेतलं. डॉक्टरला म्हणाली, "बारीक दिसलं पायजे."

हे मी लिहिते आहे. दुःखानं नाही. रागानं.

ग्रंथाचं प्रकाशन मोठ्या सभागृहात झालं. शाली, श्रीफळं, आणि पुन्हा तेच कुसळ न उगवणारं वाक्य. मी मागच्या रांगेत होते. माझ्या हातात प्रत आली तेव्हा मी बाकी काही न बघता ते पान काढलं. पानभर फोटो, रंग भरलेला. पाहुणे होते, थापी होती, सगळ्यांचे चेहरे उजळ झाले होते. त्यांच्या मागं दोरी नव्हती. बायका नव्हत्या. चिंच होती, हिरवट रंगाची, छान गोल. फांदी मोकळी होती. पानाखाली नावं डावीकडून, आणि शेवटी 'व इतर'.

मी उठून बाहेर आले. गाडी काढली आणि डिझायनरच्या दुकानावर गेले. पत्ता पुस्तकाच्या पहिल्या पानावर होता. आपल्या शहरात चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात, ते करणारं दुकान. तिथल्या बॅनरवर कुणीच काळा नसतो; सगळे भाऊ, दादा, साहेब पीठ लावल्यासारखे गोरे. तो तरुण पोरगा उठून उभा राहिला, त्याला वाटलं मी शाबासकी द्यायला आले.

"एकदम क्लीन करून दिलं ना मॅडम? बॅकग्राउंड लई खराब होतं."

"ती झोळी का काढली?"

"सरांनी सांगितलं. मला तर दिसली पण नव्हती. मला वाटलं डाग आहे."

"मूळ स्कॅन दे."

तो गोंधळला. त्याच फाईलवर काम केलं होतं म्हणाला, जुनी ठेवली नाही, जागा फार लागते. मूळ फोटो त्यानं केव्हाच परत पाठवले होते. त्यानं खरंच शोधलं, दोन-तीन ठिकाणी उघडून दाखवलं, पाणी दिलं. त्याच्यावर मला नीट चिडताही आलं नाही, आणि त्याचाही राग आला.

तिथून मी रेकॉर्ड रूमला गेले. भिंत रंगवलेली. लाल गठ्ठ्यांच्या जागी पत्र्याची नवी कपाटं. मूल्यांकनाची समिती येऊन गेली होती, त्याआधी साफसफाई झाली होती. अधीक्षक माझ्या नजरेला नजर देत नव्हते. "जे पुस्तकात आलं त्याचं मूळ ठेवायची गरज नाय, असा वरून आदेश हुता मॅडम. पोत्यात भरून दिलं सगळं." मी रद्दीवाल्याच्या गोदामापर्यंत गेले. त्यानं हात उडवले. तो माल केव्हाच गिरणीला गेला, कागदाचा लगदा झाला असणार.

संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी माणसांची रीघ होती, अभिनंदनाची. मी दारातच उभी राहिले. ते बाहेर आले, चेहरा हसरा.

"सर, झोळी का काढायला लावली?"

त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. "हां, ते मागचं फडकं! अहो, तुमच्या ओळींमुळंच लक्षात आलं. नाहीतर राहूनच गेलं असतं तसं. पाहुण्यांच्या डोक्यावर लोंबकळत होतं, बरं दिसत नव्हतं."

म्हणजे मी दाखवलं म्हणून गेलं. मी बोट ठेवलं नसतं तर नखाएवढी झोळी कुणाच्या नजरेस पडली नसती, आणि पानभर छापून आली असती.

"माझी बहीण होती त्यात," मी म्हटलं.

वाईट माणूस नव्हेत ते, हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त चीड येते. वाईट माणसाला काय म्हणायचं हे ठरलेलं असतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि अगदी इतिहासाच्या प्राध्यापकासारखं विचारलं, "पण त्यात ती दिसत तर नव्हती ना?"

मी त्यांना मोठ्यानं बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आतली माणसं बाहेर आली होती, एवढं आठवतं. मुकादम अडाणी होता, त्यानं झोळी काढायला सांगितली, पण तो एका अठरा वर्षांच्या पोरीला घाबरून परत गेला. तुम्ही साधनांशी इमान शिकवत होतात. असं काहीतरी. पुढच्या सत्रात मला तासिका मिळाल्या नाहीत. कारण कुणी दिलं नाही, मी विचारलंही नाही.

घरी आले तर माय जागी होती, दिवा लावून, नवा चष्मा घालून बसलेली. तिच्यासमोर शेजारच्या खाला. माझ्या पिशवीतून पुस्तकाचा कोपरा दिसत होता. लपवायला वेळच मिळाला नाही. मायनं ते दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं, पदरानं पुसलं. मी पान काढून दिलं. काय करणार होते?

तिनं फोटोवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. थापी धरलेल्या पाहुण्यापाशी थांबली. "ह्यो बरोबर हाय. ह्याला लई घाम आल्ता." मग चिंच. "चिंच बी तीच." मग बोट आडव्या फांदीवर आलं आणि तिथं थांबलं. फांदीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, परत आलं.

"काढली व्हय?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. खाला खाली बघत होत्या.

माय रडली नाही. पुस्तक मिटलं, मला परत दिलं आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "तू बघितली नव्हं? आधीचा फोटो तू बघितला व्हता."

"हो. भिंगातून."

"मंग सांग."

मी सांगितलं. फांदी कशी होती, झोळी कशी होती, फिकट लुगडं, खाली फुगलेली. तिनं विचारलं, काठ दिसत होता का. मी म्हटलं, थोडा. काठ दिसत नव्हता.

"अन् पाय?" माय पुढं सरकली. "तिला पाय झोळीत ठेवायचं ठावंच नव्हतं. कितीबी गुंडाळा, एक पाय भाईर. पाय दिसत होता का?"

मी आयुष्यभर पोरांना शिकवत आले की डोळ्यांनी दिसलं नाही ते लिहायचं नाही. आणि माझ्या कानात संध्याकाळचा तो प्रश्न होता, सरांनी चष्मा काढून विचारलेला: ती दिसत तर नव्हती ना?

"दिसत होता," मी म्हटलं.

"कोणचा?"

"डावा."

मायनं खालांकडं बघितलं. "डावाच," ती म्हणाली. "डावाच ऱ्हायचा तिचा."